मांजर कोणाचे, कुत्रा कोणाचा

"बाबा, मांजर कोणाचं?"

रात्रीचे साडेदहा वाजले होते, भाकरी आणि तुरीच्या वरणाने डोळे जड झाले होते, आणि माझी मुलगी समोर वही उघडून बसली होती. मी थोडा विचार करून "पावलोव्हचं" असे उत्तर दिले. तिने काही न बोलता वहीत एक फुली मारली. त्या फुलीतला शांतपणा मी चांगला ओळखतो, कारण गेली तेवीस वर्षे मी स्वतः तशाच फुल्या मारत आलो आहे. त्या समोरून कशा दिसतात हे मात्र मला ठाऊक नव्हते.

"पावलोव्हचा कुत्रा, बाबा. मांजर थॉर्नडाइकचं. काल पण हेच चुकलं होतं."

मी गंगाखेड तालुक्यातील एका लहानशा गावात, जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत शिकवतो. 2002 साली शिक्षणसेवक म्हणून लागलो तेव्हा शिक्षक पात्रता परीक्षा अस्तित्वात नव्हती. ती शिक्षण हक्क कायद्यानंतर आली आणि आपल्या राज्यात 2013 साली पहिल्यांदा झाली. ती नव्या लोकांसाठी आहे, अशा समजुतीने मी तिच्याकडे शेजारच्या घरातील भांडणाकडे पाहावे तसा पाहत असे. मग 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की, ज्यांच्या सेवानिवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ आहे अशा सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे. माझी दहा वर्षे उरली आहेत. मुलीने नुकतेच डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका, पूर्ण केले आहे. त्यामुळे आमच्या घरात सध्या एकाच परीक्षेचे दोन उमेदवार असून, एकीला नोकरी मिळवायची आहे आणि दुसऱ्याला ती टिकवायची आहे.

दीडशे प्रश्न, दीडशे गुण, दीडशे मिनिटे, आणि उत्तीर्ण होण्यासाठी 60 टक्के म्हणजे 90 गुण. मराठी, गणित आणि परिसर अभ्यास यांचे मला भय नाही. इंग्रजीचे आहे, पण ते शाळकरी वयापासूनचे असल्यामुळे त्याची सवय झाली आहे. मी धसका घेतला तो बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राच्या 30 गुणांचा. तेवीस वर्षे लेकरांमध्ये काढलेल्या माणसाला बालमानसशास्त्र अवघड जावे, हे गोदावरीकाठी राहणाऱ्याला पोहता न येण्यासारखे आहे. (मला पोहताही येत नाही.)

पहिली अडचण जनावरांची आहे. या विषयाला मानसशास्त्र हे नाव कोणी दिले ते कळत नाही, कारण पहिल्या तीन प्रकरणांत माणूस क्वचितच भेटतो आणि सगळा कारभार पशुसंवर्धन खात्याचा वाटतो. थॉर्नडाइक यांचे मांजर पेटीत कोंडलेले असते, बाहेर मासा ठेवलेला असतो, आणि मांजर चुकतमाकत कधीतरी कडी उघडून बाहेर पडते. पुढच्या वेळी थोडे लवकर पडते. पावलोव्ह यांच्या कुत्र्याला नुसत्या इशाऱ्यावर लाळ सुटते. स्किनर यांच्या पेटीतील उंदीर दांडी दाबून खाऊ मिळवतो. कोहलर यांचा सुलतान नावाचा चिंपांझी दोन काठ्या एकमेकींत बसवून पिंजऱ्याबाहेरचे केळे आत ओढतो, आणि असा एकदम उलगडा होण्याला मर्मदृष्टी म्हणतात. सुलतान हे नाव ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गावातला त्याच नावाचा हल्या उभा राहतो आणि केळी, काठ्या, मर्मदृष्टी हे सगळे त्याच्या पायाखाली जाते. पावलोव्ह यांना 1904 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी, हे वाचून मला विशेष वाटले, कारण माझी पचनक्रिया सध्या त्यांच्यामुळेच बिघडलेली आहे.

"बाबा, तुम्ही शाळेची ऑनलाइन माहिती भरता ना, सगळी बटणं एकेकदा दाबून? ते प्रयत्न-प्रमाद. म्हणजे तुम्ही मांजर," असे मुलीने सोपे करून सांगितले. तेव्हापासून मांजर कोणाचे हे मी विसरतो, पण मांजर कोण हे विसरत नाही.

दुसरी अडचण भाषेची आहे. मी तीन मार्गदर्शक पुस्तके आणली, आणि पावलोव्हच्या कुत्र्यासारखी इशाऱ्याची सवय जडण्याला एकात अभिसंधान म्हटले आहे तर त्यालाच दुसऱ्यात अनुबंधन म्हटलेले आढळले. उंदराला खाऊ देऊन सवय पक्की करणे हे एकात प्रबलन आहे तर दुसऱ्यात पुनर्बलन, आणि तिसऱ्याने दोन्ही शब्द एकाच पानावर, बहुधा वाचकाची परीक्षा पाहण्यासाठी, वापरले आहेत. मी आठवडाभर या दोन स्वतंत्र संकल्पना आहेत असे समजून त्यांतील फरक पाठ करत होतो. फरक मला सापडलाही होता, हे त्यातले दुःख.

आमच्याकडे "जगात जर्मनी, भारतात परभणी" असे मोठ्या अभिमानाने म्हणतात. मानसशास्त्राचा अभ्यास सुरू केल्यापासून या म्हणीचा पूर्वार्ध मला पूर्णपणे पटला आहे. विल्हेल्म वुंट यांनी 1879 साली मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा काढली ती जर्मनीत, लाइपझिगला. कोहलर जर्मन. हर्मान एबिंगहाउस हेही जर्मन, आणि त्यांनी तर स्वतःलाच प्रयोगाला बसवले: अर्थ नसलेली अक्षरांची कडबोळी पाठ करायची आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजायचे, असे करून 1885 साली त्यांनी विस्मरणाचा वक्र मांडला. त्यांच्या हिशेबाने एका दिवसानंतर साधारण एक तृतीयांश शिल्लक राहते आणि महिन्याने एक पंचमांश. म्हणीच्या उत्तरार्धाचा मान राखण्यासाठी मी हाच प्रयोग परभणी जिल्ह्यात केला. निरर्थक शब्दांच्या जागी कोहलबर्ग यांच्या नैतिक विकासाचे तीन स्तर आणि सहा टप्पे घेतले. वक्र वगैरे काही आला नाही. थेट कडाच आला.

पियाजे यांच्याकडे मात्र माझा थोडा जीव रमला, कारण तिथे शेवटी माणसाचे लेकरू भेटते. त्यांनी सांगितलेल्या मुलांच्या बौद्धिक विकासाच्या चार अवस्थांपैकी दुसरी, म्हणजे पूर्वक्रियात्मक अवस्था, साधारण दोन ते सात वर्षांची. या वयातल्या मुलासमोर बुटक्या पेल्यातले पाणी उंच पेल्यात ओतले, तर पाणी वाढले असे त्याला वाटते. मी ठरवले की, पुस्तकावर विसंबण्यापेक्षा पहिलीच्या वर्गात हे करूनच पाहावे. घरून दोन पेले नेले, टेबलावर पाणी ओतून दाखवले आणि विचारले. पहिला मुलगा म्हणाला, "उंच गिलासात जास्त हाय, सर." मला पियाजे यांच्या पायावर डोके ठेवावेसे वाटले. मग मागून एक मुलगी उठली. उन्हाळ्यात ही मुलगी टँकरच्या रांगेत आईची घागर सांभाळत उभी असते. ती म्हणाली, "कमी हाय."

जास्त नाही, सारखे नाही, कमी. मी तिला कारण विचारले.

"वततानी तुमी टेबलावर सांडलं की, सर."

टेबल खरोखरच ओले होते. बुटक्या-उंच पेल्यांच्या नादात पाणी सांडलेले मला दिसलेच नव्हते, आणि पाणी सांडणाऱ्या प्रौढाचे काय करायचे, हे माझ्या तिन्ही पुस्तकांत कुठे दिलेले नाही. घरी येऊन मुलीला ही हकिकत सांगितली, तेव्हा तिने "पेपरात 'जास्त' हेच लिहा" असे बजावले.

पियाजे आणि वायगॉट्स्की यांचा जन्म एकाच वर्षी, 1896 साली झाला. पियाजे 1980 पर्यंत जगले. वायगॉट्स्की बिचारे सदतिसाव्या वर्षीच गेले, पण तेवढ्या अवधीत त्यांनी आमच्यासाठी समीपस्थ विकास क्षेत्र ठेवून दिले. शिकणाऱ्याला जे एकट्याने जमत नाही, पण अधिक जाणकार व्यक्तीच्या मदतीने जमते, ते या क्षेत्रात येते. आमच्या घरात ही अधिक जाणकार व्यक्ती बावीस वर्षांची असून ती पाचवीत असताना मी तिला पाढा चुकला म्हणून अंगणात उभे केले होते. तिला ते आठवते. तिला सगळेच आठवते. एबिंगहाउस यांचा वक्र मुलींना लागू होत नसावा.

ऑक्टोबरातल्या शिक्षण परिषदेत केंद्रातील सगळे शिक्षक जमले, तेव्हा मला संरक्षण यंत्रणांचे, म्हणजे मन स्वतःला त्रासापासून वाचवायला ज्या युक्त्या करते त्यांचे, प्रकरण एका दुपारी पाठ झाले. एक गुरुजी "ही परीक्षा होतच नसती, लिहून घ्या" असे ठामपणे सांगत होते, तो नकार. दुसरे म्हणत होते की, ज्ञानाला प्रमाणपत्राची गरज नसते आणि खरा शिक्षक घोकंपट्टीत रमत नाही, ते समर्थन. तिसऱ्यांना स्वतःला झोप येत नव्हती, पण ते प्रत्येकाला "तुमी लई टेन्शन घ्यायलेत" म्हणत फिरत होते, ते प्रक्षेपण. चौथे निकालाच्या दिवसापासून वर्गावर विनाकारण खेकसत असल्याचे त्यांच्याच शाळेतल्या बाईंनी सांगितले; ते विस्थापन. कोपऱ्यात एक गुरुजी मात्र शांतपणे डबा खात होते, आणि त्यांची यंत्रणा कोणती हे मला कोणत्याच पुस्तकात सापडेना. मग कळले की, ते तीन वर्षांनी निवृत्त होणार आहेत.

आता प्रश्नांविषयी. प्रश्न असा असतो: 'तुमच्या वर्गातील एक विद्यार्थी वारंवार झोपतो. शिक्षक म्हणून तुम्ही काय कराल?' पर्याय: त्याला शिक्षा कराल, त्याच्याकडे दुर्लक्ष कराल, झोपेचे कारण शोधाल, पालकांना बोलावाल. अशा प्रश्नांत सर्वांत मवाळ पर्याय बरोबर असतो, एवढे सूत्र मला सापडले आहे. पण हा प्रश्न सोडवताना मी अडतो, कारण असा विद्यार्थी माझ्या चौथीत खरोखर आहे आणि त्याच्या झोपेचे कारण मला शोधावे लागत नाही. रब्बीत शेतपंपाची वीज रात्रीची असली की, तो बापाला बॅटरी दाखवायला हरभऱ्याच्या रानात जातो. बाप बारे फिरवतो, हा उजेड धरतो. पालकांना बोलवावे, तर तेही त्या वेळी झोपलेले असतात. मी एवढेच करतो की, त्याला भिंतीकडेला बसवतो आणि घटकाभर झोपू देतो. हा पर्याय चारांत नसतो. "तीन नंबर, बाबा. कारण शोधाल," असे मुलगी सांगते आणि मी मुकाट्याने तीनवर गोल करतो.

परीक्षा तीन आठवड्यांवर आली तेव्हा मी पठारावस्थेत शिरलो. ही अवस्था पुस्तकात आहे: शिकणाऱ्याची प्रगती काही काळ थांबते आणि आलेखाची रेघ आडवी होते. तारायंत्र शिकणाऱ्यांमध्ये ती प्रथम दिसली. आमच्याकडे बालाघाटाचा चढ चढून माथ्यावर गेले की सपाट माळ लागतो आणि तो संपता संपत नाही; सराव चाचणीत मला सलग सहा वेळा तीसपैकी सतरा गुण मिळाले, तेव्हा त्या माळाची आठवण झाली. पुस्तकाने यावर विश्रांतीचा उपाय सांगितला आहे. मुलीने मात्र झोपेचा एक तास कमी करण्याचा उपाय सांगितला, आणि घरातल्या अधिक जाणकार व्यक्तीपुढे पुस्तकाचे काही चालत नाही.

त्याचा परिणाम पुढच्याच मंगळवारी झाला. दुपारच्या सुट्टीआधी मुलांना शुद्धलेखन घालून मी खुर्चीत बसलो, पावलोव्ह आणि थॉर्नडाइक यांची मनातल्या मनात उजळणी करू लागलो, आणि त्यानंतरचे मला काही आठवत नाही. जाग आली ती खिशातल्या मोबाईलच्या 'टिंग' आवाजाने, छातीत धडधड घेऊनच. हा आवाज आला की 'तातडीचे' असा शेरा मारलेली कुठली तरी माहिती संध्याकाळपर्यंत द्यायची असते, आणि त्यामुळे आता माहिती वाचण्याआधी, नुसत्या आवाजानेच छाती धडधडते. अभिसंधान किंवा अनुबंधन, जे काय असेल ते हेच, हे मला त्या क्षणी पक्के कळले.

वर्ग विलक्षण शांत होता. खिचडीचा वास येऊन गेलेला होता. चौथीचा तो मुलगा दाराशी पाठ टेकून बसला होता, बाहेरून कोणी आत डोकावले की ओठांवर बोट ठेवत होता.

"घंटा झाली का रे?" मी विचारले.

"दोनदा झाली, सर. तुमी उठलेच न्हाईत." मग अंमळ थांबून तो म्हणाला, "मीच म्हणलो सगळ्याला, गुर्जी रातच्याला जागायलेत, झोपू द्या. तुमची खिचडी झाकून ठिवलीय."