खुलासा : स्वस्त व्हाइट वाइन जुनी झाली की चांगली होत नाही

उन्हाळा लागताच संभाजीनगर-जालन्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : "कमी पैशात चांगली व्हाइट वाइन हवी तर दुकानातली सगळ्यात जुनी बाटली मागा. फिरकीच्या झाकणाची घेऊ नका. प्यायल्यावर ऊन लागत नाही." तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

वर्षानुवर्षं मुरणाऱ्या व्हाइट वाइन असतात, पण त्या मोजक्या आणि महाग. नाशिककडची साधी शेनिन ब्लां किंवा सोव्हिन्यों ब्लां (द्राक्षांच्या जातींवरून पडलेली व्हाइट वाइनची नावं) ताजीच प्यायची. तिची सगळी मजा आंबटसर तजेल्यात आणि फळांच्या वासात. वर्षा-दोन वर्षांत तो उतरतो. त्यात आपला मे महिना! ४२ अंशांत पत्र्याखालच्या दुकानात उन्हाळा काढलेली बाटली मुरत नाही, बिघडते. उजेडासमोर धरून पाहा. फिकट हिरवट-पिवळ्या रंगावर तपकिरी झाक दिसली, तर घेऊ नका.

आपल्याकडे वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. म्हणून लेबलवर चालू नाहीतर मागचं वर्ष बघा, आणि बाटली वरच्या फळीवरची नको, फ्रिजमधली मागा. फिरकीचं झाकण हवा चांगली अडवतं; न्यूझीलंडची बहुतेक वाइन त्याच झाकणात येते.

उन्हाचा दावा तर सरळ धोक्याचा. वाइनमध्ये साधारण १२ टक्के अल्कोहोल असतं, त्याने लघवी वाढून अंगातलं पाणी कमी होतं. उन्हातून आल्यावर पाणी प्या, ताक प्या. वाइन रात्री, जेवणासोबत, ८ ते १० अंशांपर्यंत गार करून. बर्फ-पाण्याच्या बादलीत अर्धा तास पुरतो.