बंदरात कर भरला म्हणून भाडे करमुक्त होत नाही

वाळूज आणि चिकलठाण्याच्या लघुउद्योजकांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. परदेशातून आणलेल्या यंत्रावर बंदरात आयजीएसटी (एकात्मिक वस्तू व सेवा कर) भरला असेल, तर ते यंत्र भाड्याने दिल्यावर त्या भाड्यावर पुन्हा कर लागत नाही. एकाच मालावर दोनदा कर घेता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच ठरवले आहे. आणि हा मालाचा व्यवहार असल्याने वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही, असा त्याचा आशय आहे. शेवटी ‘आपल्या सीएला जरूर दाखवा’ अशी सूचनाही आहे. ती कोणी पाळली असती, तर संदेश इतका पुढे गेला नसता.

‘दोनदा कर’ या मुद्द्यातच मूळ गफलत आहे. बंदरातला आयजीएसटी माल देशात येण्यावर, सीमाशुल्क टॅरिफ अधिनियम, १९७५ च्या कलम ३(७) खाली घेतला जातो. त्यानंतर यंत्र वाळूजला येते आणि मालक ते दुसऱ्या कारखानदाराला वापरायला देतो, तो व्यवहार निराळा. मालकी न देता वस्तू वापरण्याचा हक्क देणे ही सेवा आहे, असे केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ ची दुसरी अनुसूची स्पष्ट सांगते, आणि कर त्या सेवेच्या मोबदल्यावर लागतो.

हा समज पसरण्याचे कारण मात्र आकड्यांत सापडते. समजा, ४० लाखांचे सीएनसी (संगणकावर चालणारे) यंत्र न्हावा शेवा बंदरात उतरले. मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के धरले तर ३ लाख, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार ३० हजार, आणि या ४३ लाख ३० हजारांवर १८ टक्के दराने आयजीएसटी ७ लाख ७९ हजार ४०० रुपये होतो. यंत्र महिना १ लाख भाड्याने दिले, तर भाड्यावरचा कर १८ हजार. तो आयजीएसटीच्या क्रेडिटमधून, म्हणजे बंदरात आधीच भरलेल्या कराच्या जमेतून, वळता होत गेल्याने सुमारे ४३ महिने मालकाच्या खिशातून करापोटी रोख रुपया जात नाही. साडेतीन वर्षे चलन भरावे लागले नाही, की माणूस सहज म्हणतो, ‘भाड्याला कर नाही.’ कर असतोच. बिलात तो दाखवावा लागतो, रिटर्नमध्येही भरावा लागतो, आणि क्रेडिटसाठी बिल ऑफ एंट्री (आयात मालाचे सीमाशुल्क खात्यातले कागदपत्र) आपल्या नावाची लागते. कराच्या रकमेवर आयकरात घसारा घेतला असेल, तर तेवढे क्रेडिट मिळत नाही. सीमाशुल्क आणि अधिभाराचे ३ लाख ३० हजार तर कधीच वळते होत नाहीत.

२००० चा निकाल ट्वेन्टिएथ सेंच्युरी फायनान्स कॉर्पोरेशन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यातला. १९८२ च्या ४६ व्या घटनादुरुस्तीने वापराचा हक्क देण्याला विक्री मानले होते, आणि अशा विक्रीवर कोणत्या राज्याने कर घ्यायचा, हा तिथला वाद होता. आयातीच्या ओघात, म्हणजे माल देशात येत असतानाच, झालेल्या व्यवहारावर राज्याला कर लावता येत नाही, हे त्यात आहे. पण सीमाशुल्क भरून माल सोडवल्यानंतर केलेला भाडेकरार त्या ओघात येत नाही. भाडे करमुक्त असते, असे तर त्या निकालात कुठेच म्हटलेले नाही.

४० लाखांची मर्यादा मालाच्या पुरवठ्याची आहे. सेवेसाठी महाराष्ट्रात ती २० लाख आहे. वरच्या मालकाचे भाडे वर्षाला १२ लाखच होते, त्यामुळे दुसरी उलाढाल नसेल तर नोंदणी टाळता येते, हे खरे. पण मग ७ लाख ७९ हजारांचे क्रेडिटही गेले. संदेश लिहिणाऱ्याने हा हिशेब केलेला दिसत नाही.

लातूर, बीड, धाराशिवकडे हाच संदेश ऊसतोडणी यंत्रांच्या नावाने पोहोचला आहे. शेतीच्या कामासाठी कृषियंत्र भाड्याने देण्याच्या सेवेला सूट आहे, एवढा भाग बरोबर. मात्र ती सूट आयातीमुळे मिळालेली नाही, देशी यंत्रालाही ती तशीच लागू आहे. ‘सूट आहे आणि भरलेला आयजीएसटीही परत मिळतो’ हे पुढचे वाक्य तेवढे चूक. करमुक्त सेवेसाठी वापरलेल्या यंत्राचे क्रेडिट मिळत नाही, म्हणून हार्वेस्टर आणणाऱ्याने बंदरात भरलेला कर यंत्राच्या किमतीत धरूनच टनामागचा दर सांगावा.