आप्पांचा बावटा

सकाळपासून डोकं तापलंय. लांबलचक लिहिणार आहे, सवड असेल तर वाचा.

काल रात्री नात्यातल्या ग्रुपवर कोणीतरी 'पृथ्वी सपाट आहे, शास्त्रज्ञ लपवतात' असा व्हिडिओ टाकला. असले येतात, मी पुसून टाकते. पण त्याखाली आमच्यातल्याच एका शिकल्यासवरल्या माणसाने लिहिलं, "दोन्ही बाजू ऐकाव्यात, ज्याचं त्याचं मत." आणि त्याला अकरा अंगठे! अहो, आमटीत गूळ घालायचा की नाही, याला मत म्हणतात.

माझे आप्पा मचव्यावर तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके होते. शिक्षण चौथी. गाव दापोली तालुक्यात, दर्याला लागून. संध्याकाळी आई मला घेऊन पुळणीवर उभी राहायची. आधी दिसायचा तो डोलकाठीवरचा भगवा बावटा. नुसता बावटा, पाण्यातून उगवल्यासारखा. मग काठी, आणि अगदी शेवटी होडीचं अंग. एकदा हवा फिरली आणि आप्पांना उशीर झाला. आई म्हणाली, "पळ, सड्यावर जा, वरनं आधी दिसेल." मी धापा टाकत चढले. खालून काहीच दिसत नव्हतं, वरून होडी अख्खी दिसली. मी दोन्ही हात हलवले, तशी आई मटकन वाळूत बसली.

समुद्र सपाट असता तर मला सड्यावर कशाला पिटाळलं असतं तिने? पुळणीवर उभ्या माणसाचं क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असतं. ५० मीटर वर चढा, ते २५ किलोमीटरवर जातं. हे आकडे आईला ठाऊक नव्हते, पण किनाऱ्यावरच्या प्रत्येक बाईला चढायचं कुठे हे ठाऊक होतं. आणि आप्पा सांगायचे, दर्यातून येताना आधी डोंगराचा माथा लागतो, मग माडांचे शेंडे, पुळण सगळ्यात शेवटी.

कॅमेरा झूम केला की गेलेली होडी परत दिसते म्हणे. लहान झालेली दिसेल, क्षितिजाखाली गेलेली नाही. हां, हवेच्या खेळाने लांबची वस्तू कधीकधी उचललेली दिसते, तेवढं कबूल. पृथ्वी तंतोतंत गोल नाही हेही कबूल, विषुववृत्ताशी व्यास सुमारे ४३ किलोमीटरने जास्त आहे. पण १२,७५६ किलोमीटरच्या व्यासात ४३! यावरून सपाट?

याच ग्रुपवर रोज पूर्वजांच्या ज्ञानाचे मेसेज येतात. मग आर्यभटांनी पृथ्वीला कदंबाच्या फुलाची उपमा दिली, चहूबाजूंनी पाकळ्या तशी चहूबाजूंनी जीवसृष्टी, ते कुठे गेलं? तेव्हा नाही आठवलं कोणाला 'ज्याचं त्याचं मत'?

इथपर्यंत लिहिलं आणि भाच्याचा फोन आला. सहावीत आहे. व्हिडिओ त्यानेही बघितलाय. "मावशी, पाणी तर सपाट असतं ना? मग समुद्र वाकतो कसा?"

खरं सांगते, राग उतरला. किती चांगला प्रश्न आहे हा! आम्हांला शाळेत कोणी हे विचारूच दिलं नाही. पृथ्वीचा गोल एकदा गरकन फिरवला आणि धडा संपला. पाठ केलेलं एका व्हिडिओने पुसलं जातं, त्यात पोराचा काय दोष?

त्याला भास्कराचार्यांचं सांगितलं. चाळीसगावजवळ पाटण्याला शिलालेख आहे, त्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचा. ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'त ते म्हणतात, परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो. पृथ्वी प्रचंड, माणूस इवलासा, म्हणून त्याला ती सपाट दिसते. मग म्हटलं, बाळा, 'खाली' म्हणजे पृथ्वीच्या मध्याकडे. पाणी सगळीकडून तिकडेच ओढलं जातं, म्हणून ते गोलाला धरून राहतं. थोडा वेळ गप्प होता. मग विचारलं, "बावटा मला पण दिसेल?"

दिसेल की! दिवाळीच्या सुट्टीत नेतेय त्याला. आप्पा जाऊन नऊ वर्षं झाली, पण होड्या अजून संध्याकाळीच परततात. तो सड्यावर जाईल आणि मी आईबरोबर पुळणीवर उभी राहीन. होडी दिसली की त्याने वरून दोन्ही हात हलवायचे, असं ठरलंय.