माउंटन मेडोज आणि आपले बारगीर

२००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तेव्हा पुराव्याआधी इतिहासकार ‘आपला’ की ‘त्यांचा’ हेच विचारले जात होते. आता युटामध्ये राहताना तो प्रश्न मला वेगळाच दिसतो.

सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला चार-पाच तासांवर माउंटन मेडोज हे कुरण आहे. आर्कान्सॉहून कॅलिफोर्नियाला निघालेल्या तांड्याला मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मिलिशियाने, म्हणजे स्थानिक सशस्त्र दलाने, काही पाययूट या मूळनिवासी जमातीच्या लोकांना हाताशी धरून, तेथे वेढले आणि ११ सप्टेंबर १८५७ रोजी, अभयाचे वचन देऊन शस्त्रे खाली ठेवायला लावल्यावर, कापून काढले. सुमारे १२० माणसे मेली. १७ लहान मुले तेवढी वाचली. दोष पाययूटांवर ढकलला गेला आणि फाशीऐवजी गोळ्या खाऊन मेला तो एकटा जॉन डी. ली, तोही वीस वर्षांनी.

ही झाकपाक १९५० मध्ये उघडी पाडली ती ह्वानिटा ब्रुक्स या श्रद्धाळू मॉर्मन बाईंनी. हत्या टाळा, असे सांगणारे मॉर्मन चर्चचा प्रमुख ब्रिगहॅम यंग याचे पत्र दोन दिवस उशिरा पोहोचले, हे त्यांनी मान्य केले. पण अमेरिकी सरकारचे सैन्य युटावर चालून येत असताना दिलेली भडक प्रवचने आणि नंतरची लपवाछपवी यांचा भार त्यांनी नेतृत्वावरच ठेवला. पुढे इतिहासकार विल बॅगली यांनी थेट यंगला जबाबदार धरले, तर २००८ मध्ये चर्चशी संबंधित तीन इतिहासकारांनी, खुल्या झालेल्या दप्तरांच्या आधारे, स्थानिक पुढाऱ्यांना. मला या तिघांचे पुरावे अधिक भक्कम वाटतात, मात्र न्यायनिवाड्याची सविस्तर हकिगत २०२३ च्या पुस्तकापर्यंत लांबली, हे खटकते. २००७ मध्ये चर्चने पाययूटांसह सर्वांकडे व्यक्त केला तो ‘खेद’. त्यात माफी कितपत होती, हा वाद आहेच.

आपल्याकडेही असे एक प्रकरण आहे. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्या आपण चौथाईच्या हिशेबात वाचतो. बंगाली अंगाईत मात्र बारगीर, म्हणजे मराठा घोडेस्वार, अजून भीती घालतात, आणि त्या काळच्या गंगारामाने अत्याचारांचे वर्णन ज्या काव्यात केले, त्याचे नावच ‘महाराष्ट्र पुराण’ आहे. ते शत्रूची निंदा म्हणून बाजूला न सारता, मोडी कागदांशेजारी ठेवून वाचणारा घरचा माणूस मला हवा आहे. ब्रुक्सबाईंनी आयुष्यभर चर्च सोडले नव्हते.