एसटीची गरज संपली म्हणणाऱ्यांना

परत तो मेसेज फिरायला लागलाय. "आता दारोदारी गाड्या झाल्यात, एसटी रिकामी पळते, तोट्यात आहे, बायकांच्या अर्ध्या तिकिटाने पार बुडाली, खासगीला देऊन टाका आणि तो पैसा रस्त्यांना लावा." लोक न वाचता पुढे ढकलतायत म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

दारोदारी गाड्या कुठे आहेत? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या शंभरातल्या जेमतेम आठ घरांत कार निघाली. आणि कार असली तरी ती सकाळी एक माणूस घेऊन जातो, मग आजीने तालुक्याच्या दवाखान्यात कसं जायचं, बारावीतल्या पोरीने कॉलेजला कसं जायचं?

रिकामी पळते, हे काही फेऱ्यांबाबत खरंय, पण का ते बघा ना. कॉलेज सुटतं पाचला, गाडी पावणेपाचलाच निघून गेलेली, पुढची साडेसातला आणि तीपण येईलच असं नाही, खिडकीवर विचारलं तर "लागेल की" एवढंच उत्तर. मग पोरं वडापच्या खासगी जीपला लोंबकळतात, घरचे जीव मुठीत धरून बसतात आणि शेवटी कर्ज काढून सेकंडहँड गाडी दारात येते. मग डेपो म्हणणार या फेरीला भारमान नाही, म्हणजे गाडी पुरेशी भरत नाही, फेरी बंद, आणि फेरी बंद झाली की अजून चार घरं गाडी बघायला लागतात. कोरोनाआधी एसटीकडे अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या, नंतर त्या हजारोंनी घटल्या, २०२१-२२ च्या संपात तर महिनोन्महिने चाकं थांबली. तेव्हा तुटलेला प्रवासी परत आणायचा तर गाड्या वाढवाव्या लागतील, उरलेल्या काढून कसं चालेल?

रस्त्यांना लावा म्हणता, तर कोकणात बघा. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय आणि गणपतीत माणगावला अजून रांगा लागतात. त्या रांगेतल्या कितीतरी लोकांना रेल्वे चालली असती. पण स्टेशनं गावाबाहेर, सावंतवाडीचं तर मळगावात, बोचकी आणि पोरं घेऊन उतरलं की वाडीपर्यंत जायला एसटी लागलेली असेल तर नशीब, नाहीतर रिक्षावाला सांगेल ते भाडं. एकदा असं झालं की माणूस पुढच्या वर्षी मुंबईतूनच कार काढतो. रेल्वेच्या वेळेला जोडून गाड्या सोडणं हे महामार्गापेक्षा किती स्वस्त पडेल, आणि हे फक्त गणपतीपुरतं नाही, बारा महिने पाहिजे.

तोट्याचं म्हणाल तर एसटी तिकिटाच्या उत्पन्नावर साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारला भरते, वर परवडत नसलेल्या गावांनाही गाडी सोडते. रस्त्याला कोणी विचारतं का की तू नफ्यात आहेस का?

महिलांचं अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून आहे. सवलतीचे पैसे सरकारने एसटीला भरून द्यायचे असतात, ते वेळेवर येत नसतील तर सरकारला विचारा, गाडीत बसलेल्या बाईवर का राग काढता? बाजार, दवाखाना, माहेर, कोणी सोडायला येईल याची वाट न बघता बायका जायला लागल्या, याचा मला मनापासून आनंद आहे.

आणि खासगी. ट्रॅव्हल्सवाले पुणे-नागपूर धावतील, पण रात्रीची मुक्कामी गाडी वाडीवर कोण नेणार? दिवाळीत भाडी कशी चढतात ते सगळ्यांना माहितीये, म्हणून तर सरकारने २०१८ ला त्यांना एसटीच्या दीडपट भाड्याची मर्यादा घातली. एसटीच नसेल तर दीडपट कशाच्या मोजणार?

तुमच्या गावची फेरी भारमान नाही म्हणून बंद होत असेल तर ग्रामसभेत ठराव घ्या, कॉलेज, बाजार आणि रेल्वेच्या वेळा त्यात लिहा आणि आगार व्यवस्थापकांकडे देऊन पोच घ्या. आधी वेळ बदलून बघा म्हणावं, फेरी बंद करायचं नंतर.