‘टाकी’ इंग्रजांनी दिली नाही हो!

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, ‘टाकी हा मराठी शब्द नाहीच, इंग्रजी टँकचा अपभ्रंश आहे’. हे चूक आहे, आणि वाचून खरंच वाईट वाटलं. हरिश्चंद्रगडावर कधी गेलात तर कातळात खोदलेली टाकी बघा, वाकून आत पाहिलं की भिंतीवर छिन्नीच्या खुणा दिसतात, पाणी गारेगार, आणि ही टाकी इंग्रज यायच्या कितीतरी आधीची. उलट इंग्रजी डिक्शनऱ्याच सांगतात की टँक हा शब्द गुजराती-मराठी ‘टांकं/टाकं’वरून गेला असावा, त्यात पोर्तुगीज ‘तांक’चीही भर आहे, म्हणून ‘शंभर टक्के आपलाच’ असंही छाती ठोकून सांगू नका. (‘टाकीचे घाव’ मधली टाकी वेगळी, ती छिन्नी.)

इथल्या इंग्रजीत टँक म्हणजे तलावसुद्धा, म्हणून तर मुंबईत बाणगंगा टँक आणि गोवालिया टँक, जिथल्या मैदानावर 1942 ला ‘चले जाव’ची हाक दिली गेली.

आणि रणगाड्याला टँक का म्हणतात? पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी ते गुपचूप बनवताना, या पाण्याच्या टाक्या आहेत असं सांगून खरं काम लपवलं, 1916 मध्ये ते लढाईत उतरले तरी नाव तेच राहिलं.