केबल कारचे पैसे वसूल होतात का?

भाचीचा मेसेज आला: "मावशी, दिवाळीत सिंगापूरला चाललोय. आम्ही दोघं आणि सासू-सासरे. केबल कार घ्यावी का? चौघांचे मिळून आठ-नऊ हजार होतायत. तू केलीयेस ना?"

फॅमिली ग्रुपवर टाकलंन, मग काय विचारता. धाकट्या भावाचं मत, "वेडी आहेस का, त्यात एक वेळचं मस्त जेवण होईल." वहिनी म्हणे, "हौसेला मोल नसतं." एका आतेभावाने तर स्वतः कधी न बघितलेल्या हाँगकाँगच्या केबल कारचा व्हिडिओ टाकला आणि ही जास्त लांब आहे म्हणून निकालही देऊन टाकला. आहे खरी लांब, 5.7 किलोमीटर. पण पोरगी सिंगापूरला चाललीय, त्याचं काय?

ग्रुपवर उत्तर टाइप करायला घेतलं, ते संपेचना. म्हणून इथे लिहितेय.

आधी कबूल करते, मी पक्की विरोधात होते. मुंबईत आयुष्य गेलेल्या माणसाला उंचीचं फार अप्रूप राहत नाही हो. आमच्या माहेरची काळाचौकीची चाळ पाडून टॉवर झाला, भाऊ आता बाविसाव्या मजल्यावर राहतो. चहाचा कप घेऊन गॅलरीत उभं राहिलं की पार समुद्रापर्यंत दिसतं, तेही फुकट. (मेंटेनन्स सोडून. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.) मलबार हिलला कमला नेहरू पार्कजवळ 2025 मध्ये झाडांमधून जाणारी ती लाकडी पायवाट झाली, 485 मीटर. 25 रुपये तिकीट आणि शेवटी गिरगाव चौपाटी पायाखाली. भाईंदर-नायगावच्या खाडीवरून लोकल जाते तेव्हा दारातल्या माणसाला जो देखावा मिळतो, त्याचं तर वेगळं तिकीटच नाही. मग काचेच्या डब्यात बसायला माणशी दोन हजारांच्या वर का मोजायचे?

नवऱ्याने तर हिशेबच मांडला होता. जाऊन-येऊन जेमतेम पंचवीस मिनिटं, म्हणजे मिनिटाला ऐंशी रुपये. "यात माझा मुलुंड-सीएसएमटीचा सेकंड क्लासचा पास निदान सहा महिने निघतो." या माणसाचं दर परदेशवारीत हेच. कॉफीच्या कपाचंसुद्धा रुपयांत भाषांतर करतो आणि मग ती कॉफी आपल्याला गोड लागत नाही.

त्यात एका थंड हवेच्या ठिकाणच्या रोपवेने आम्ही आधी पोळलेलो. नाव सांगत नाही. दीड तास रांग, चार मिनिटांचा प्रवास, आणि वर पोचल्यावर काय, तर मॅगीचे तीन स्टॉल, भाड्याने मिळणारे लोकरी ड्रेस आणि "मॅडम, फोटो" म्हणत मागे लागणारी माणसं. समोर दरी होती, पण तशीच दरी खालच्या हॉटेलच्या खिडकीतूनही दिसत होती. त्या दिवशी ठरवलं, पुन्हा नाही.

सिंगापूरला गेलो ते आईला घेऊन. तेव्हा ती 74 वर्षांची. टूरवाल्याने पॅकेजमध्ये केबल कार "समाविष्ट" लिहिली होती आणि तिथे पोचल्यावर कळलं की समाविष्ट म्हणजे फक्त एका बाजूची. परतीचे पैसे वेगळे. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण एका बाजूचं तिकीट हातात आलंच होतं, म्हणून बसलो.

ही केबल कार जुनी, 1974 ची. माउंट फेबर नावाच्या टेकडीवरून निघते, मध्ये हार्बरफ्रंटला एका उंच इमारतीच्या पोटातच स्टेशन आहे, आणि तिथून बंदरावरून सरळ सेंटोसा बेटावर. डबा स्टेशनात येतो तेव्हा थांबत नाही. चालत्या दोरावरची त्याची पकड सुटते, तो गोगलगायीसारखा सरकत राहतो, आपण चढायचं, दार लागतं आणि पुढे दोर पुन्हा पकडला जातो. तिथे एक हिसका बसतो. आईने त्या हिसक्याला "विठ्ठला" म्हटलं आणि पर्स पोटाशी धरली. समोरच्या बाकावर एक तरुण जोडपं होतं, त्यांनाही ते कळलं असावं, हसले.

इमारतीतून बाहेर पडलो आणि खाली एकदम बंदर. धक्क्याला लागलेली भलीमोठी क्रूझ बोट. तिच्या डेकवरचा निळा तलाव आणि त्यात पोहणारी माणसं मुंग्यांएवढी. पलीकडे कंटेनरच्या चळती, क्रेन, टगबोटी. मी फोन काढून फोटो काढत बसले. आई गप्प. मला वाटलं, चक्कर आली की काय. विचारलं तर खाली बघतच म्हणाली, "तुझे बाबा सांगायचे, बोट आपल्या चाळीपेक्षा उंच असते. मला वाटायचं थापा मारतायत."

माझे बाबा गोदीत टॅली क्लार्क होते, म्हणजे बोटीवरून चढणाऱ्या-उतरणाऱ्या मालाची मोजदाद ठेवणारे. इंदिरा डॉक. येलो गेटने आत जायचे, येलो गेटने बाहेर यायचे. आईने एकतीस वर्षं त्यांचा डबा भरला. आम्ही राहायचो गोदीपासून चालत पाऊण तासावर. मोठ्या बोटीचा भोंगा वाजला की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. पण गोदी आतून कशी असते ते ना तिने बघितलं, ना मी. पी. डिमेलो रोडवरून बसने कितीदा गेलो असू, बाजूला सगळी भिंतच. भिंतीवरून क्रेनची टोकं तेवढी दिसायची. मुंबई बंदरामुळे मोठी झाली असं आपण पोरांना शिकवतो, आणि पूर्वेचा सगळा किनारा मात्र आपल्याच लोकांना गेटपासची वस्तू. बाबा ज्या कामाच्या गोष्टी सांगत गेले, ते काम कसल्या जागेत चालतं हे त्यांच्या बायकोला कळलं ते परक्या देशात, साठ-सत्तर मीटर उंचीवरून, बाबा जाऊन नऊ वर्षं झाल्यावर.

सेंटोसाला उतरल्यावर नवरा गुपचूप जाऊन परतीची तिकिटं घेऊन आला. किती झाले ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पहिल्यांदाच.

तेव्हापासून माझं एकच माप आहे. देखाव्याला भुलायचं नाही, देखावे भरपूर आहेत. जमिनीवरून जे बघायला भिंत आडवी येते किंवा जिथे जायला पाय नकार देतात, तिथे दोराचे पैसे द्यावेत. बाकी ठिकाणी ती जत्रेतली जायंट व्हील आहे. बसा, पण वसूल झाले की नाही म्हणून नंतर कुरकुरू नका.

पाय नकार देतात यावरून रायगड आठवला. तिथल्या रोपवेला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतात. गड चढूनच बघायचा असतो, चढल्याशिवाय महाराज कळत नाहीत वगैरे. विशीत मीही तेच म्हणायचे. पायथ्यापासून वर चौदाशेच्या पुढे पायऱ्या आहेत. दोन्ही गुडघे गेलेल्या बाईने काय करायचं? आयुष्यभर घरातल्या फोटोला हार घालत राहायचं? हा रोपवे 1996 पासून आहे आणि त्याचं खालचं स्टेशन हिरकणीवाडीत. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून घरच्या तान्ह्या पोरासाठी कडा उतरून गेलेली ती हिरकणी. आता तिच्या वाडीतून म्हाताऱ्या आज्या चार-पाच मिनिटांत वर जातात. आईने समाधीपाशी डोकं टेकलं तेव्हा तिला कोणी विचारलं नाही, चढून आलात की बसून. तिथे तिकिटाचा हिशेब नवऱ्यानेही केला नाही.

आता भीतीबद्दल. भाचीच्या सासूबाईंना उंचीचं नाही, दोराचं भय आहे, असं ती म्हणते. खोटं कशाला सांगू, याच सिंगापूरच्या केबल कारला 29 जानेवारी 1983 ला मोठा अपघात झालेला आहे. तेल शोधायला समुद्रात भोकं पाडणारं एक जहाज बंदरातून बाहेर काढत होते, त्याचा उंच मनोरा दोराला अडकला. दोन डबे समुद्रात पडले, सात जण गेले, तेरा जण वर अडकलेले. त्यांना रात्री हेलिकॉप्टरने सोडवलं. त्या सुटकेची सूत्रं ज्या तरुण लष्करी अधिकाऱ्याकडे होती ते ली सिएन लूंग, पुढे तिथले पंतप्रधान झाले. म्हणजे दोर आपणहून तुटला नव्हता, खालून जहाज येऊन अडकलं होतं. त्यानंतर तिथे जहाजांच्या उंचीचे नियम कडक झाले. आपल्याकडे 2022 मध्ये झारखंडमधल्या देवघरला त्रिकूट टेकडीच्या रोपवेवर काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय, लोक दीड-दोन दिवस लटकून होते. म्हणून रोपवे म्हटलं की मी आधी बघते तो कुठला आणि चालवणारे देखभाल कशी ठेवतात. सरसकट "काही होत नाही हो" म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

आणि आपल्या मुंबईचं काय? शिवडी ते घारापुरी असा समुद्रावरून जाणारा आठ किलोमीटरचा रोपवे होणार, हे मी इतक्या वर्षांत इतक्यांदा वाचलंय की स्वप्नात त्याचं तिकीटही काढून झालंय. घारापुरीच्या गावात कायमची वीज पोचली तीच 2018 मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. केबल आली, आता कार यायची बाकी. झालाच तर मी बसेन का? पहिल्या आठवड्यात बसेन. लेण्यांसाठी नव्हे. त्यासाठी गेटवेची लाँच आहेच, तासाभराचा प्रवास, वरच्या डेकवर बसायचे दहा रुपये जास्त द्यायचे, वारा खायचा, सीगल्सना कुरमुरे घालू नका म्हणून शेजारच्याला सांगायचं आणि तो ऐकत नाही हे बघायचं. ते पैसे कधीच वाया जात नाहीत. रोपवेत बसेन ते शिवडीकडून निघताना खाली धक्के, शेड, भंगारात निघालेल्या बोटी, चिखलातले फ्लेमिंगो हे सगळं एकदा भिंतीच्या वरून बघायला. लाँचवाल्यांच्या पोटावर पाय येणार नाही एवढं मात्र बघायला हवं. तो प्रश्न कुठल्याच घोषणेत दिसत नाही.

तर भाचीबाई, तुझं उत्तर.

हार्बरफ्रंटला चढून थेट सेंटोसाला जाऊ नका, बरेच जण तेच करतात आणि निम्मा प्रवास हुकतो. आधी उलट दिशेने माउंट फेबरला जा, तिथून सबंध लांबी पार करत या. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला बसा, सूर्य सातच्या आसपास मावळतो, उजेड आणि दिवे दोन्ही मिळतात. दिवाळीच्या दिवसांत तिकडे दुपारनंतर हमखास गडगडाट असतो आणि विजा चमकल्या की केबल कार बंद ठेवतात, म्हणून तिकीट आठवडाभर आधी काढून ठेवू नकोस, आकाश बघून काढ. आत एसी नाही, सासऱ्यांना रुमाल दे. काचेच्या तळाचा डबा मिळतोय म्हणून जास्तीचे पैसे टाकू नकोस, बघायचं ते बाजूच्या खिडकीतूनच दिसतं.

आणि चार नको, तीनच तिकिटं काढ. तुझ्या नवऱ्याला यात काडीचा रस नाही हे मला लग्नातच कळलं होतं, पाळण्यात बसायला सांगितलं तेव्हा. त्याला हार्बरफ्रंटच्या मॉलच्या बाजूने बोर्डवॉकवरून, म्हणजे सेंटोसाला जाणाऱ्या पायवाटेवरून, चालत येऊ दे, फुकट आहे, वर छप्परही आहे. पलीकडे भेटा. सासूबाईंना क्रूझच्या बाजूची खिडकी दे, आणि त्या गप्प झाल्या तर लगेच "बरं वाटत नाहीये का" म्हणून विचारू नकोस.